पहिल्या हाकेला ओ

भामाक्काला कुणाला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही. एवढं एकच वाक्य लिहून मी थांबलो, तरी अणशीच्या वाटेवरच्या जुन्या गाडीवानांना ती पुरती आठवेल. चुलीपुढे असो, ओढ्यावर असो, शेणात हात कोपरापर्यंत बुडालेले असोत, "भामाक्का" म्हणायचा अवकाश, की "आलो, आलो!" आलंच. आमच्याकडच्या बायका "आले" म्हणत नाहीत, "आलो" म्हणतात. खानापूर-बेळगावकडची ती रीतच आहे. पण भामाक्काच्या "आलो"मध्ये एक घाई असायची. तोंड हसरं आणि पाय मात्र पळते. गिऱ्हाईक चहाच मागतंय हे ठाऊक असूनही ती अशी यायची, की आपण काहीतरी महत्त्वाचं सांगायला हाक मारली होती असं वाटून माणूस ओशाळायचा.

दिसायला ती बुटकी, सावळी, हाडापेराने मजबूत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातात भरगच्च हिरव्या बांगड्या. मान नेहमी किंचित एका बाजूला कललेली. मला वाटायचं, लहानपणी पडलीबिडली असेल. माझ्या असल्या तर्कांना त्या वयात काही कमी नव्हती.

माझी बदली सुप्याकडे झाली तेव्हा आमच्या घरात सुतकासारखी शांतता पसरली होती. सुपा म्हणजे तेव्हा तालुक्याचंच नाव, आणि सरकारी माणसाच्या कानाला ते शिक्षेसारखं लागायचं. हिवताप, जळवा आणि वाघ, एवढीच त्या तालुक्याची ख्याती. वडील म्हणाले, "कुणाच्या डोळ्यांत खुपलास एवढा?" मी कुणाच्याच खुपलो नव्हतो. नवीन मास्तर आणि वशिला नाही, एवढं कारण पुरेसं होतं. लोंढ्यापर्यंत रेल्वे, पुढे ओंडके न्यायला निघालेला रिकामा ट्रक, आणि शेवटचा तुकडा डोक्यावर ट्रंक घेऊन पायी, असा मी त्या गावात शिरलो.

शिरलो तेव्हा सूर्य बुडाला होता. झाडांतून पाच-सहा घरं दिसत होती, कौलांतून धूर निघत होता, आत माणसं बोलत होती. मी ट्रंक खाली ठेवून ओरडलो, "अहो, कुणी आहे का घरात?" त्याबरोबर आतलं बोलणंच बंद झालं. एकही दार हललं नाही. एका घरातलं तर मूल रडत होतं, त्याचंही तोंड कुणीतरी दाबल्यासारखं वाटलं. मला संताप आला. शिकवायला आलेल्या माणसाचं हे स्वागत! उलट्या पावली परत जावं आणि राजीनामा लिहावा, असा पक्का विचार मी करत होतो, तेवढ्यात रस्त्याच्या वळणापलीकडून आवाज आला, "आलो, आलो!" आणि हातात पेटतं लाकूड घेऊन एक बाई जवळजवळ पळतच आली.

तिने ते लाकूड माझ्या तोंडासमोर धरलं. मला नीट पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा पडला असं मला वाटलं, पण लगेच ती हसली.

"नवं मास्तर व्हय? आनि एकडावच हाक मारून गप बसलासा? मग कोन दार उघडनार? हितं तीनदा हाक मारायची असत्या."

"मग तुम्ही कशा आलात?"

"मला न्हाई ऱ्हावत," ती म्हणाली, आणि माझी ट्रंक उचलून चालूही लागली.

त्या मुलखाची ही रीत मला पुढे समजली. दिवस मावळला की रानाच्या बाजूने आलेल्या पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरी येऊ द्यायची, तिसरीला बोलायचं. रानात जे काही हिंडत असतं ते एकदाच हाक मारतं, आणि त्याला ओ दिली की माणूस त्याच्यामागे जातो तो जातोच. माणसाची जात मात्र पुन्हा पुन्हा हाक मारते. म्हणून तिथला कुणीही रानातून परतताना घर दिसलं की न चुकता तीनदा ओरडतो. मी शाळेत मुलांना हे खुळ आहे म्हणून सांगत असे. मुलं मान डोलवत, आणि संध्याकाळी माझ्याच दारात उभी राहून "मास्तर, मास्तर, मास्तर" म्हणत.

भामाक्काची खाणावळ त्या वळणावर होती. सुरुवातीला तिला खाणावळ म्हणणं धाडसाचंच होतं. गवताने शाकारलेली एक झोपडी, पुढे बांबूचा बाक, आत एक चूल. मी तिच्याकडे जेवायला लागलो तो दुसरीकडे कुठे सोय नव्हती म्हणून. उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं कढण, कधी सोलांची कढी, आणि गुळाचा चहा. पण काही वर्षांत त्याच जागी मंगळुरी कौलांचं घर उभं राहिलं, लांबलचक पडवी झाली, आणि ओंडक्यांच्या गाड्या रांगेने तिथे सुटू लागल्या. पलीकडच्या गावात एक हॉटेलवाला होता. त्याच्याकडे आरसा होता, बिस्किटांच्या बरण्या होत्या, खुर्च्या होत्या. पण त्याला हाक मारली, की तो आधी पैशांची पेटी बंद करी, मग जांभई देई, मग "काय पायजे" विचारी. दिवसभर बैलांशी झगडून आलेल्या माणसाला ते कसं सोसावं? गाडीवान त्याच्या दारावरून बैल हाकत भामाक्काकडे येत. हॉटेलवाला चिडून म्हणे, "त्या बाईला ओ द्यायचा रोग हाय, रोग!" आम्ही सगळे त्यावर हसायचो. त्याच्या तोंडून चुकून खरं निघून गेलं होतं, हे मला बरंच उशिरा कळलं.

"न्हाई" हा शब्द तिला येतच नसावा. "हुईल की! न हुयाला काय झालंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. एकदा वैशाखात वळवाचा पाऊस झाला आणि रस्त्यावर भलं मोठं झाड आडवं पडलं. खानापूरकडे परतणारं एक वऱ्हाड ट्रकसकट वळणावर अडकलं. भिजलेली, भुकेलेली, आणि लग्नातल्या मानपानावरून आधीच एकमेकांवर रुसलेली माणसं. नवऱ्या मुलाच्या मामाने पडवीतून हाक दिली, "अक्का, जेवान मिळंल काय?"

"आलो, आलो! मिळंल की, न मिळाया काय झालंय?"

मी तिथेच होतो. आत जाऊन तिच्या तांदळाच्या डब्यात डोकावलो, तर खाली बूड दिसत होतं. मी हळूच म्हणालो, "भामाक्का, अहो कशाचं जेवण?" तिने माझ्याकडे मी शाळेतला सर्वांत ढ मुलगा असल्यासारखं पाहिलं. कोपऱ्यात मातीखाली थंडीतले कंद राखून ठेवलेले होते, हातभर लांबीचे. ते तिने उपसले, वऱ्हाडातल्या बायकांच्या पुढ्यात टाकले आणि सरळ विळ्या दिल्या. वरमाईला सोलायला बसवलं. तिच्याच शेजारी, रुसलेल्या नणंदेला चिरायला. मुंडावळ्या काढून ठेवलेल्या नवऱ्या मुलाच्या हातात नारळ दिला. "खवा मालक, उद्यापासनं करायचंच हाय." तासाभरात हसण्याचा असा कल्लोळ उठला, की झाड तोडायला आलेली माणसंही कुऱ्हाडी ठेवून जेवायला बसली. ते वऱ्हाड पुढे वर्षानुवर्षं भामाक्काची कीर्ती सांगत हिंडलं. खानापुरात मला एका अनोळखी माणसाने विचारलं होतं, "वळणावरच्या अक्काचं बरं हाय न्हवं?"

अशा बाईकडे पाहून कुणालाही उमेद यावी. मला तर यायचीच. तापाने फणफणून मी पडलो, की घरी परत जायचे विचार मनात येत. मग तिकडून तिची भांडी घासल्याचा आवाज येई, कुणाला तरी "आलो, आलो" म्हटलेलं ऐकू येई, आणि वाटे, हिला जर इथे एवढं आनंदाने जगता येतं तर आपल्याला काय धाड भरली आहे. पहाटे सगळ्यांच्या आधी तिची चूल पेटायची. अंगण सारवलेलं. भांडी राखेने अशी घासलेली, की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. रस्त्याकडची बाजू ती वळणापर्यंत झाडून काढी. सगळं चकचकीत, एक गोष्ट सोडून. घराच्या मागून एक पायवाट ओढ्याकडे उतरत रानात जायची. तिच्यावर पाचोळा साचून साचून पोटरीएवढा झाला होता. त्याला ती केरसुणी लावत नसे, कुणाला लावूही देत नसे.

मी एकदा तिच्या सासूला त्याबद्दल विचारलं. सासू मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेली असायची. तिचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती. भामाक्का ओढ्यावर गेली होती. भामाक्काचा नवरा यसबा रानात गेला तो परतला नाही, एवढं मला ठाऊक होतं. कुंकवावरून गावात कुजबुजही ऐकली होती.

"पाला वाजतोय न्हवं, पाऊल पडलं की," म्हातारी म्हणाली. "म्हनून झाडत न्हाई ती."

मग तिने सगळं सांगितलं. फाल्गुनातले दिवस. यसबा शिकेकाई आणायला रानात गेला होता. मुलगा परसू तेव्हा अंगावर पिणारा. तिन्हीसांज झाली, दिवा लावला, आणि ओढ्याच्या बाजूने हाक आली, "भामे!"

"उठली की ती. पोराला खाली ठेवून उठली. आलो म्हनाया तोंड उघडलं, आनि मी तिच्या तोंडावर हात दाबला. ह्यो हात." तिने उजवा हात पदराखालून काढून मला दाखवला. "दुसरी हाक येऊ दे म्हटलं. बसलो वाट बगत. सासू-सून, दोगी. दुसरी आलीच न्हाई, मास्तर."

सकाळी गाव घेऊन शोधायला गेले. ओढ्याच्या काठाला शिकेकाईचं ओझं होतं, शेजारी कोयता होता. रक्त नव्हतं, कापडाची चिंधी नव्हती. कुणी म्हणालं वाघ, कुणी म्हणालं ओढ्याखालचा डोह, कुणी म्हणालं हद्द ओलांडून गोव्यात गेला असेल. रान दोन महिने तुडवलं. माणूस मिळाला नाही.

मी विचारलं, "आवाज त्याचाच होता का?"

म्हातारीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मी आई हाय त्येची. मला इचारता? त्येचा हुता म्हनूनच तोंड दाबलं. रानातलं असतंय ते आपल्या मानसाच्याच आवाजात बोलावतंय. दुसऱ्याच्या आवाजाला कोन जाईल?"

तिने हात पुन्हा पदराखाली घेतला. ओढ्याकडून भामाक्का डोक्यावर घागर घेऊन येत होती, आणि पुढच्या अंगणातून कुणीतरी हाक मारताच घागर डोक्यावर असतानाच "आलो, आलो!" म्हणून तिने पावलं उचलली. पाणी तिच्या खांद्यावर हिंदकळलं. त्या दिवसापर्यंत मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला होता आणि मला तो आवडायचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या पहिल्या दिवशी पेटतं लाकूड माझ्या तोंडासमोर धरून तिने मला इतकं निरखून का पाहिलं होतं, तेही कळलं.

यानंतर मी तिच्याकडे जेवायचो खरा, पण काही हवं असलं तरी हाक मारायचं टाळायचो. स्वतः उठून वाढून घ्यायचो. तिने ते ओळखलं. एक दिवस माझ्या हातातला डाव काढून घेत म्हणाली, "म्हातारीनं सांगितलं न्हवं तुमाला? मारा की हाक. हाका आल्या की बरं वाटतंय मला. कोन आलं न्हाई तर दिवस लई मोठा हुतोय."

त्याच सुमाराला आमच्या शाळेची तपासणी झाली. आम्ही तेव्हा अजून मुंबई राज्यात होतो. पुढे म्हैसुरात गेलो, पण हिवतापाला त्याची कुणी वर्दी दिली नसावी, तो होता तिथेच राहिला. तपासणीला आलेले साहेब हौशी होते. जेवण भामाक्काकडे. साहेबांनी पाणी मागितलं, पाणी हजर. लोणचं मागितलं, लोणचं हजर. साहेब प्रसन्न झाले. मग गवताच्या झोपडीपासून कौलांपर्यंतची कहाणी त्यांनी गाडीवानांकडून ऐकली आणि तिला विचारलं, "बाई, तुमच्या यशाचं रहस्य काय?"

तिला प्रश्नच समजला नाही. मी समजावला. तेव्हा ती म्हणाली, "हाक आली की ओ द्यायची. आनि काय?"

साहेब असे उजळले की विचारू नका. त्या दुपारी शाळेत त्यांनी तासभर भाषण केलं. चांगल्या सवयी, हसरं मन, तत्परता. संधी दार ठोठावते तेव्हा जो पहिल्याच हाकेला उठतो तो पुढे जातो, आणि उदाहरण दूर शोधायला नको, तुमच्याच गावात आहे. भामाक्काला पुढे बोलावून नारळ दिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती पदर सावरत हसत उभी होती आणि तिची मान रानाच्या बाजूला कलली होती. परत जाताना साहेब तिच्या मागच्या अंगणात हात धुवायला गेले आणि म्हणाले, "एवढी टापटीप, आणि इथे मात्र हा पाचोळा? हेही झाडून घेत चला बाई."

"झाडीन की, साहेब," ती म्हणाली. खोटं बोललेलं मी तिचं तेवढंच ऐकलं.

साहेबांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. ते बोलले त्यात चूक काय होतं? ती हसतमुख होती, वक्तशीर होती, आणि त्यानेच ती वर आली होती. मीही तो पाठ पुढे मुलांना कैक वर्षं शिकवला. फक्त शिकवताना माझी नजर खिडकीबाहेर जायची.

म्हातारी गेली ती एका भर दुपारी. काही दिवस तिची वाचा बसल्यासारखीच होती. पडवीत गिऱ्हाइकांची गर्दी होती, मी ताटावर होतो. मागून एकदाच, अगदी बारीक आवाजात हाक आली, "भामे." एवढ्या गलबल्यात मला ती ऐकू आली हेच नवल. भामाक्काने हातातली भाताची परात गिऱ्हाइकाच्या मांडीवरच ठेवली आणि "आलो, आत्या!" म्हणून धावली. मी मागून गेलो. म्हातारीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. म्हातारीने उजवा हात उचलला आणि सुनेच्या ओठांवर फिरवला, काहीतरी पुसून काढावं तसा. मग हात खाली पडला. भामाक्का मला म्हणाली, "येळेवर आलो न्हवं मी?" मी हो म्हणालो.

परसू माझ्याच शाळेत शिकला. हुशार पोरगा, आईसारखाच चटपटीत. पुढे दांडेलीला एका कारखान्यात लागला, लग्न केलं, खोली घेतली. शेवंता म्हणून त्याची बायको, गुणी पोर. दर सणाला तो आईला न्यायला यायचा आणि एकटा परत जायचा. एकदा मायलेकांचं कडाक्याचं वाजलं. मी मध्ये पडू नये म्हणून उठत होतो, तर परसूनेच हात धरून बसवलं.

"मास्तर, तुमीच सांगा हिला. बा यायचा असता तर इतक्या वर्सांत आला नसता?"

"मी कुटं म्हनतोय त्यो येतोय?" भामाक्का शांतपणे म्हणाली. "पर हाक आली तर?"

"सगळ्या जगाच्या हाकेला पळतीस तू. गाडीवानाच्या पळतीस, वाटसराच्या पळतीस. मी दर सणाला बोलावतोय की. माजी हाक हाक न्हाई?"

तिचं हसू त्या वेळी मावळलेलं मी पाहिलं. ओठ हलले, पण "आलो" बाहेर पडलं नाही. तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि आत गेली. परसू न जेवता उठला. बस सुटेपर्यंत रस्त्यावर उभा होता आणि एकदाही मागे वळला नाही. त्यानंतर दोन वर्षं तो आला नाही. तिच्या खाणावळीत त्या दोन वर्षांत गर्दी वाढतच गेली. लोक म्हणायचे, अक्कानं नशीब काढलंय. ती गल्ल्यावर बसायची, हसायची, आणि दुपारची बस थांबली की पडवीच्या कडेला येऊन उतरणाऱ्यांची तोंडं बघायची. आता तिला दोन बाजू झाल्या होत्या, पुढे रस्ता आणि मागे रान.

मग तिला ताप आला. हिवताप तिला नवा नव्हता, पण या खेपेला तो हटेना. डॉक्टर क्विनाइन देत राहिला. त्या औषधाने कानात आवाज होतात हे आम्हा सगळ्यांना अनुभवाने माहीत होतं. आमच्या कानात किडे किरकिरायचे. तिच्या कानात हाका येऊ लागल्या. दिवसाउजेडी, भरल्या पडवीत ती एकदम उठून "आलो!" म्हणायची आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहायची, की कुणी मारली? कुणीच मारलेली नसायची. ताप उतरला, आवाज थांबले, आणि त्यांच्याबरोबर ऐकूही येईनासं झालं. आधी एक कान गेला, मग दुसरा. गाडीवान हाका मारत, ती पाठमोरी चूल फुंकत बसे. जिला कुणी दुसऱ्यांदा हाक मारली नव्हती तिला पाच-पाच हाका मारूनही कळेना. गाड्या हळूहळू पुढे जाऊ लागल्या. हॉटेलवाल्याने नवीन खुर्च्या आणल्या.

परसूला मी कळवलं. तो पुढच्याच बसने आला, शेवंताला घेऊन. मला वाटलं, आता तरी घेऊन जाईल. एका ऐकू न येणाऱ्या म्हातारीला रानाच्या तोंडावर बसून काय करायचं आहे? त्याने आईची वळकटीही बांधली. ती मुकाट उठली, चुलीला हात जोडले, आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. पाचोळ्यावरून एक कुत्रं पळालं. चरचर आवाज झाला. तिने तो ऐकला नाही. परसूने ऐकला. ती पाठमोरी तशीच उभी, आणि तो तिच्या मागे वळकटी धरून उभा. मग त्याने वळकटी खाली ठेवली.

तो पुन्हा दांडेलीला गेला नाही. चुलीपाशी शेवंता उभी राहिली, गल्ल्यावर तो बसला. नोकरी सोडल्याचं ऐकून मी त्याला रागावलो. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी सोडतात का, म्हणालो.

"तिला ऐकू येत न्हाई न्हवं, मास्तर," तो म्हणाला. "मग ऐकाया कोन तरी पायजे की."

माझी बदली खानापुरात झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेलो. खाणावळ पुन्हा चांगली चालू लागली होती. शेवंताही हाकेसरशी यायची. मागच्या पायरीवर भामाक्का बसली होती. केस पांढरे, कुंकू तेवढंच मोठं. शेजारी परसू. संध्याकाळची कामं आटोपली, की तो रोज तिथे येऊन बसायचा. मी तिच्या पायांना हात लावला. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तशी म्हणाली, "चाललासा? येत ऱ्हावा की, मास्तर. हाक मारा!"

मग ती परसूकडे वळली आणि तिने भुवया उंचावल्या. त्याने थोडा वेळ रानाकडे कान दिला आणि मान हलवली, नाही. ती रानाकडे तोंड करून म्हणाली, "आलो, आलो!" परसूने माझ्याकडे पाहिलं. "अशीच म्हनती मधनं मधनं," तो म्हणाला. "आपल्याला ऐकू आली नसंल तर, म्हनून."

मी ट्रंक घेऊन निघालो. शेवटची बस पुढच्या फाट्यावर मिळायची होती. दिवस मावळत होता. वळणावर मी थांबलो आणि मागे पाहिलं. घर दिसत होतं, मागच्या पायरीवरची ती दोघं दिसत होती. मला राहवेना. "भामाक्का, येतो!" असं जोरात ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तिन्हीसांजेला, रानाच्या कडेने, एका पुरुषाची हाक, आणि परसू कान देऊन बसलेला. त्याने ती ऐकली असती आणि तिच्या हाताला हात लावला असता. ती उठली असती.

मी ओठ घट्ट मिटून चालू लागलो. झाडांनी घर झाकलं. थोडं पुढे गेलो असेन, तोच मागून तिचा आवाज आला, खणखणीत, घाईचा, "आलो, आलो!"

मी हाक मारली नव्हती.